तानाबाईचा आवाज

सकाळी अंघोळ झाली की मी बोलत नाही. पूजा आटोपून जोतिबाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं माझं व्रत आहे. विश्वजित दवाखान्यात होता तेव्हा मी डोंगरावर जाऊन बोलले होते, माझं लेकरू घरी येऊ दे, जन्मभराच्या माझ्या सकाळी तुला दिल्या. डेंग्यूचं निमित्त झालं. लेकरू आलं ते चार जणांच्या खांद्यावरून जायलाच आलं. मग पुष्कळ जणींनी सांगितलं, देवानं ऐकलं नाही, आता व्रत कसलं पाळतेस? पण बोललेलं परत कसं घ्यायचं? त्याच्यासाठी म्हणून मी जे जे करत होते, डबा, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, ते सगळं एका दिवसात थांबलं. हे तेवढं एक चालू राहिलं होतं.

आमचं घर शिवाजी पेठेत. हे, म्हणजे माझे यजमान, पेठेत त्यांना सगळे बाळासो म्हणतात. फुटबॉलचे बूट, जर्सी, ट्रॉफ्या असं खेळाच्या सामानाचं त्यांचं दुकान आहे. आवाज असा की दुकानात बोलले तर तालमीत ऐकू जावं. "सकाळच्याला आमच्या घरात मुका शिनेमा आसतोय," असं गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिरॉइन नुसती घंटा वाजवती." ते खरंच होतं. घंटा एकदा वाजवली की चहा उतू चाललाय, दोनदा वाजवली की दाराशी कुणीतरी आलंय, एवढं आमचं ठरलेलं होतं.

घरात तिसरी अवंतिका, माझी सून. विश्वजित गेल्यावर तिचे आईवडील तिला सांगलीला न्यायला आले होते. ती म्हणाली, थोडे दिवस थांबते. ते थोडे दिवस लांबत गेले आणि आम्ही कुणी त्यांना हात लावला नाही. पुण्यातली एक लहानशी कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. त्या खेळांतल्या माणसांची बोलणी लिहायचं काम अवंतिका घरी बसून करायची.

मौनात बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं जात असावं. रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी बसायची. मी गंध उगाळायची, ती बोलायची. कामातलं, स्वप्नातलं, विश्वजितचं. मी मान हलवायची, कधी डोळे पुसायची. दुपारी बोलायला मी मोकळी झाले की मात्र आमच्यात भाजी काय करायची आणि गॅस कधी यायचा एवढंच.

त्या खेळाचंही मला उंबऱ्यावरूनच कळलं.

"साथ येते, आई. मेलेली माणसं उठून चालायला लागतात. चावतात. ज्याला चावलं तोही तसाच होतो."

मी सहाणेवरचा हात थांबवून तिच्याकडं बघितलं.

"असं बघू नका. मारामारी कमीच आहे. खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं, कुणाला बरोबर घ्यायचं, कुणाला मागं ठेवायचं, खरं सांगायचं का लपवायचं. आपण जे ठरवू तशी गोष्ट पुढं जाते."

नैवेद्य दाखवून झाल्यावर मी म्हटलं, "अगं, मेलेल्यांना कशाला गं उठवायचं?"

"मी कुठं उठवते?" ती कप विसळत म्हणाली. "ती उठतातच."

दिवसभर माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. दवाखान्यातून त्याला आणलं त्या दिवशी मी तेच तर मागत होते. नुसता उठून बसू दे. मला ओळखलं नाही तरी चालेल.

त्या खेळात तानाबाई नावाची एक म्हातारी होती. सगळीकडे पळापळ चाललेली असताना तिला एस.टी. स्टँडवर निशी नावाची पोरगी सापडते. नात्याची ना गोत्याची, पण दोघी एकमेकींना धरून राहतात. पुढं तानाबाईला दंडाला चावतं आणि ती ते पदराखाली झाकून ठेवते. तिच्या आवाजासाठी पुण्यात दोन-तीन बायका बघितल्या, पण सगळ्या नाटकात बोलल्यासारख्या बोलायच्या. अवंतिकानं माझं नाव सुचवलं.

"व्हय, बरोबर हाय," हे म्हणाले. "आर्धा दिवस मुकी बाई आवाज देणार. आन् मी हितं एवढा बोंबलतोय, मला कुणी इचारत न्हाय."

"बाबा, तुम्हाला घेतलं तर मेलेली माणसं पळून जातील," अवंतिका म्हणाली.

तिच्या तोंडून थट्टा निघाली म्हणून आम्ही दोघं जरा जास्तच हसलो.

विश्वजितच्या खोलीत भिंतीवरून गोधड्या सोडल्या, आवाज घुमू नये म्हणून. दुपारी मी त्या गोधड्यांत स्टुलावर बसायची. कानाला हेडफोन लावायची. पुण्याहून त्यात धैर्यशील नावाचा मुलगा बोलायचा. आवाजाचं सगळं काम तोच बघत होता.

"काकू, आपण फार हळू बोलतो असं मनात आणू नका," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "माईकला असाच आवाज आवडतो."

सबंध आयुष्यात मला मोठ्यानं बोल असंच सगळ्यांनी सांगितलं होतं.

शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, तालमीत हलगी सुरू झाली की थांबायचं. थांबलेल्या वेळात तो बोलायचा. काकू, जेवलात का. काकू, आज शुक्रवार, तुमचा उपवास, पाणी तरी घ्या. माझे वार त्यानं कधी लक्षात ठेवले मला कळलं नाही. त्याची आई तो कॉलेजात असताना गेली होती. अवंतिकाशी तो कामाचंच बोलायचा, पण तिचं नाव घेताना त्याचा आवाज किंचित खाली यायचा. हेडफोनात असलं सगळं ऐकू येतं.

एका दुपारी पुलावरचा प्रसंग होता. पलीकडं वाचलेल्या माणसांची शेवटची गाडी निघालेली असते. तानाबाईला चालवत नाही. निशी विचारते, "आज्जी, मी जाऊ का?" यावर तानाबाई काय म्हणते ते खेळणाऱ्यानं निवडायचं, म्हणून मला सगळी उत्तरं बोलायची होती. एकदा मी म्हटलं, "जा बाळा. जा म्हणते मी." एकदा म्हटलं, "थांब गं. माझ्याजवळ थांब." 'थांब' म्हणताना घसा भरून आला आणि धैर्यशील म्हणाला, हेच ठेवूया.

"आता तिसरं, काकू. यात बोलायचं नाही. तानाबाई गप्प राहते. नुसता श्वास हवाय."

"त्यात आईंचा हात कुणी धरणार नाही," अवंतिका माझ्या मागून म्हणाली.

मी गप्प राहिले, श्वास घेतला, सोडला. एका दमात झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी अवंतिका उंबऱ्याशी येऊन बसली. कप हातात होता, पण पीत नव्हती. मी परडीतली जास्वंदं देवांपुढं मांडत होते.

"आई, धैर्यशीलनं मला लग्नाचं विचारलंय."

माझ्या हातातलं फूल हातातच राहिलं.

"सांगलीला अजून बोलले नाही. बाबांशी बोलायचा धीर होत नाही. तुम्हाला आधी सांगावं वाटलं." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी जाऊ का, आई?"

मी तिच्याकडं बघितलं. हात वर केला, थांब, पूजा होऊ दे, अशा खुणेनं. ती उठून आत गेली. मी आरती केली. वाटीत दूध घेतलं, साखर घातली, नैवेद्य दाखवला. मौन संपलं. तेवढ्यात हे आले, कुणाच्या तरी जर्सीवर नंबर उलटा छापून आलाय म्हणून ओरडत. मग अवंतिकाचं काम सुरू झालं. मग दुपार झाली.

संध्याकाळी दिवा लावताना आम्ही दोघीच होतो. मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "उद्या संकष्टी आहे, मोदकाचं बघायला पाहिजे."

ती "हो" म्हणाली.

पुढचे दिवसही तसेच गेले. रोज वाटायचं, आज नैवेद्य झाला की बोलेन. नैवेद्य व्हायचा. तिची पावलं जिन्यावर वाजायची, तिची ओढणी दोरीवर असायची, ह्यांच्याशी तिचं भांडण चालायचं, आणि माझ्या जिभेवर आलेलं मागं फिरायचं. विश्वजितच्या खोलीत दिवा लागतो तो तिच्यामुळं. ती गेली की तिथं दिवा कोण लावणार, इथपर्यंत यायचं आणि माझं मन तिथंच बसून राहायचं. मौनाची वेळ सकाळची होती. मी ती दिवसभर वापरायला लागले.

मग एका दुपारी हेडफोन लावला तर भलताच मुलगा बोलला. "नमस्कार मॅडम, मी ऋतुराज. राहिलेलं काम आता मी बघतोय."

मी अवंतिकाकडं वळून बघितलं. ती कागद लावत होती.

"धैर्यशीलला मी नाही म्हणून सांगितलं," ती कागदाकडंच बघत म्हणाली. "त्यानं हे काम सोडलं. बरं झालं. बोला, सुरू करूया."

खेळ पुरा झाला तेव्हा कंपनीनं तो अवंतिकाकडं बघायला पाठवला. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनं तो टीव्हीला जोडला. विश्वजित फुटबॉलचे सामने ज्यावर खेळायचा तो कंट्रोलर तिनं कपाटातून काढला. त्याचं एक बटण झिजून गुळगुळीत झालं होतं. तो आधी ह्यांनी घेतला.

"आरं पळ की पोरी! मागनं आलं बघ! आगं, ही जाग्यावरच हुबी ऱ्हायली की!"

"बाबा, तुम्ही दाबत नाही म्हणून उभी राहिली."

"मी दाबतोय की! ह्येच्यात दम न्हाय. आमच्या विश्वजितनं ह्यो..." हे बोलता बोलता थांबले आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून पाणी प्यायला आत गेले.

पडद्यावर पूल होता. माझा आवाज दुसऱ्याच एका म्हातारीच्या तोंडून येत होता. पदराखाली दंड झाकून ती कठड्याला टेकून बसली होती. पलीकडं गाडीचे दिवे. निशी तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आज्जी, मी जाऊ का?"

खाली दोन शब्द उमटले. जा. थांब. त्यांच्याखाली एक पांढरी पट्टी होती, ती आक्रसायला लागली.

"आई, दाबा. ठरावीकच वेळ असतो त्याला."

माझा अंगठा त्या गुळगुळीत बटणावर होता. पट्टी निम्मी झाली. मग बोटभर राहिली. मग गेली. टीव्हीतून माझा श्वास ऐकू आला, घेतलेला आणि सोडलेला, आणि निशी मान खाली घालून तानाबाईच्या शेजारी बसली. पलीकडची गाडी निघून गेली.

"आता?" मी विचारलं.

पडद्यावर पहाट झाली. तानाबाई उठली, पण तिची मान एका बाजूला होती आणि डोळ्यांत कुणी नव्हतं. निशी तिच्या पदराचा कोपरा मुठीत धरून झोपलेली होती. तानाबाई तिच्यावर वाकली आणि पडदा काळा झाला.

"मी तर काहीच दाबलं नव्हतं," मी म्हटलं.

"नाही दाबलं की ती थांबते, आई. तानाबाई गप्प बसली म्हणजे जा म्हणाली नाही, असं निशी धरते." अवंतिकाचा आवाज साधा होता, कामाचं सांगतात तसा. "हे असंच पाहिजे म्हणून मीच भांडले होते कंपनीशी. धैर्यशीलही म्हणाला होता, हे फार दुष्ट आहे."

हे पाणी पिऊन आले. "काय झालं? मेली का पोरगी?"

"मेली," अवंतिका म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

तेव्हाच मला बोलायचं होतं. पण ती भांडी आवरायला उठली, आणि मला वाटलं, उद्या. उद्या नैवेद्य झाला की पहिलं तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर आली, पण कप न घेता. फोन शेजारी जमिनीवर ठेवला होता.

"धैर्यशील आज बंगळूरला चाललाय. तिकडं नोकरी मिळाली त्याला. निघताना शेवटचा फोन करतो म्हणालाय." तिनं गुडघ्यांभोवती हात बांधले. "मी घेणार नाही. तुम्हाला नुसतं सांगितलं. तुम्ही काही मनात आणू नका."

देवांना आंघोळ घालून झाली होती, गंध लावायचं होतं. अजून आरती राहिली होती, नैवेद्य राहिला होता. मी हात जरा भराभर चालवायला लागले. घाईत जोतिबाचं गंध कपाळाऐवजी डोळ्यावर गेलं.

फोन वाजला.

तो जमिनीवर होता म्हणून थरथरत थोडा थोडा सरकत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. एकदाच, आणि ते बघणंसुद्धा तिनं लगेच काढून घेतलं. फोन वाजत होता. मी घंटा उचलली. एकदा वाजवली तर चहा, दोनदा वाजवली तर दार. याच्यासाठी आमची काही खूणच ठरलेली नव्हती.

विश्वजित, मी मनात म्हटलं, तुझं मोडते रे.

"घे," मी म्हटलं.

ती दचकली. "आई, तुमचं मौन..."

"घे गं. बंद होईल. जा बाळा. जा म्हणते मी."

तिनं फोन उचलला. कानाला लावला, पण तिच्या तोंडून शब्द येईना. नुसता श्वास. पलीकडून तो "अवंतिका? अवंतिका?" म्हणत होता, मला देवघरात ऐकू येत होतं. मग ती फोन कानाशी धरून जिना चढून वर गेली, आणि वरून तिच्या रडण्याचा आवाज आला.

हे दाढी अर्धी टाकून, गालाला साबण तसाच घेऊन आले. "कोण बोललं? आगं, तू बोललीस? सकाळच्याला?" मी हातात घंटा धरून बसले होते. हे उंबऱ्यावर बसले, ती बसायची तिथंच. मी सगळं सांगितलं. मौन मोडलंच होतं, आता राखून काय करायचं होतं. ह्यांच्या गालावरचा साबण वाळत गेला. 

मग हळू आवाजात, मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "जाऊ दे की. आपल्याला चावलंय गं. त्या पोरीला कशाला."

लग्न सांगलीला झालं, मोजक्या माणसांत. धैर्यशीलला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. पाया पडताना म्हणाला, "काकू, जेवलात का?" अवंतिकानं जाताना विश्वजितच्या खोलीतल्या गोधड्या घडी घालून ठेवल्या. टीव्हीला जोडलेलं सगळं तसंच राहू दिलं.

लग्नाआधीच आम्ही दोघं जोतिबाला जाऊन आलो होतो. गुलालात पाय बुडत होते. मी देवापुढं उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या हातून मोडलं. पोरीसाठी मोडलं. त्याचा बोल माझ्या लेकराला लावू नको. आणि उद्यापासून परत धरते. देवानं काय ऐकलं ते त्याला ठाऊक.

तर मी परत धरलं आहे. सकाळी अंघोळ झाली की मी बोलत नाही. गंध उगाळते, फुलं मांडते. उंबऱ्याकडं पाठ करून बसते, कारण तिकडं तोंड केलं की मान वर होते. बंगळूरहून तिचा फोन संध्याकाळी येतो. बोलतो आम्ही. भाजी काय केली आणि पाऊस किती आहे एवढंच.

हे आता दुकानाला उशिरा जातात. मी पूजेला बसले की बाहेरच्या खोलीत टीव्ही लागतो. पहिल्या दिवशी मला राग आला होता. मी जोरजोरात घंटा वाजवली, तर हे तिथूनच म्हणाले, "आसू दे की. तू न्हाय बोलत, ह्येच्यात बोलतीस."

एरवी त्यांना त्यातलं काही जमत नाही. पोरगी जागेवर उभी राहते, गाडी चुकते, पण पुलाचा प्रसंग कुठून लावायचा ते मात्र त्यांनी अवंतिकाला फोनवर तीन-तीनदा विचारून शिकून घेतलं आहे. मी देवांना आंघोळ घालत असते तेव्हा तिकडून निशी विचारते, "आज्जी, मी जाऊ का?" आणि पट्टी जराही आक्रसू न देता हे बटण दाबतात. त्या गुळगुळीत बटणाचा टक असा आवाज देवघरापर्यंत येतो.

"थांब गं," माझा आवाज म्हणतो, घसा भरून आलेला. "माझ्याजवळ थांब."

पोरगी थांबते. पदराचा कोपरा मुठीत धरते आणि झोपते. पुढची पहाट हे बघत नाहीत. टीव्ही बंद करतात, चपला घालतात आणि दुकानाला जातात.